मेणबत्तीच म्हणा

वसईकडच्या एका वाचकाने विचारले आहे: आमच्या चर्चमध्ये ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या विधीची मराठी पुस्तिका नव्याने छापायची आहे. समितीतले एक सदस्य म्हणतात, 'पास्काची (म्हणजे ईस्टरची) मेणबत्ती' वाचले की वाढदिवसाचा केक डोळ्यांपुढे येतो. शिवाय मेणबत्ती ही वस्तूही परकी आणि शब्दही परका. त्याऐवजी 'पुनरुत्थानदीप' किंवा 'पवित्र समई' असा अस्सल मराठी शब्द घालावा. योग्य काय? आणि जाता जाता, 'पास्का' बरोबर की 'पास्खा'?

मेणबत्ती. खरे तर उत्तर इथेच संपले. पण तुम्ही मसुद्याचे एक पान सोबत जोडले आहे आणि त्यात तीनदा 'प्रज्ज्वलन' आहे, त्यामुळे आधी त्याचा निकाल लावू. 'उज्ज्वल'मध्ये दोन ज आहेत, कारण तिथे 'उत्'मधल्या त् चा ज् होतो. 'प्र'पाशी असे द्यायला काही नाही. प्र अधिक ज्वलन, प्रज्वलन, एकच ज. गेली तीस वर्षे मी हा जादा ज निमंत्रणपत्रिकांवर पाहतो आहे. 'दीपप्रज्ज्वलन' वाचले की दिवा लागायच्या आधी माझे डोके पेटते.

आता मेणबत्तीच्या परकेपणाबद्दल. 'मेण' कुठून आले, हे त्या सदस्यांनी पाहिलेले दिसत नाही. संस्कृतात 'मदन' म्हणजे कामदेव हे सगळ्यांना ठाऊक असते, पण मदन म्हणजे मेणही. मदन, मयण, मेण. ज्यांना हा प्रवास ओढूनताणून आणलेला वाटतो त्यांनी कदली, कयली, केळ हा प्रवास पाहावा, वाट तीच आहे. मेणाला संस्कृतात आणखी एक सुरेख नाव आहे, मधूच्छिष्ट, म्हणजे मधाचे उष्टे. मध काढून घेतल्यावर पोळ्यात जे उरते ते. तुकोबांनी विष्णुदासांना मेणाहून मऊ म्हटले, ते काय परक्या शब्दाने?

आणि त्या रात्री मेणच तर महत्त्वाचे आहे! दिवे मालवलेल्या अंधाऱ्या चर्चमध्ये ती उंच मेणबत्ती आत नेताना तीन वेळा थांबून 'ख्रिस्ताचा प्रकाश' असे गातात. त्याआधी तिच्यावर क्रूस, ग्रीक वर्णमालेतले पहिले आणि शेवटचे अक्षर आणि चालू सालाचे चार आकडे कोरलेले असतात. मग जे मोठे स्तुतिगीत होते, त्याच्या लॅटिन पाठात चक्क मधमाश्यांच्या कामाचा उल्लेख आहे. 'पुनरुत्थानदीप' केलात की मधमाश्या गेल्या. एका ओळखीच्यांबरोबर मी एकदा त्या विधीला गेलो होतो. शेजारच्या आजींनी माझा हात धरून सांगितले, 'पेटलेली सरळ ठेवायची, विझलेली तिरकी करायची.' मी नेमके उलटे करत होतो. मेण बोटावर सांडल्याखेरीज हे कळत नाही. दीपात ते कुठून यायचे?

पण खरी गंमत 'बत्ती'त आहे. मूळ शब्द 'वर्ति'. वृत् म्हणजे वळणे, फिरणे. वळून केलेली ती वर्ति. र्त चा त्त होतो, मग एक त गळतो आणि आधीचा स्वर लांबतो: कर्तरीची कात्री, तशी वर्तीची वात. बत्तीतला ब आणि न गळलेला जोड त सांगतो की हे रूप उत्तरेकडून आले. म्हणजे शुद्धीच करायची असेल तर 'मेणवात' म्हणा, मी टाळ्या वाजवीन, पण कोणी म्हणणार नाही. आता हाच र्त दुसऱ्या वळणाने गेला तर त्याचा ट होतो. दीपवर्तीची दिवटी झाली ती अशी. (दिवटी घेऊन पुढे चालणारा तो दिवट्या. वाट दाखवणाऱ्याच्या या घराण्यातून 'आमचे दिवटे चिरंजीव' निघावेत, हा मराठीचा खास खवचटपणा.) आणि याच वृत् पासून 'वर्त्मन्', म्हणजे मार्ग. वर्त्म, वट्ट, वाट.

वात आणि वाट सख्ख्या बहिणी आहेत! एक हातात वळलेली, दुसरी पायाखाली वळत गेलेली. बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या ११९व्या स्तोत्राची १०५वी ओवी तुमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असते: देवाचे वचन पावलांना दिव्यासारखे आणि मार्गावर प्रकाशासारखे. हिब्रूत दिव्याचा शब्द वेगळा, वाटेचा वेगळा, त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मराठीत मात्र जी वात पेटते तिचीच बहीण समोर पसरलेली असते. भाषांतरात मुळापेक्षा जास्त मिळण्याचे असे प्रसंग फार थोडे. आणि आपल्या भाषांतरकारांनी तिथे 'मार्ग' घातला! माझ्या हाती असते तर मी 'वाट'च घातली असती आणि वर एक टीप जोडून सगळ्यांना कंटाळा आणला असता.

आता 'पवित्र समई'. समई ही वस्तू आपल्या देवघराचा कणा आहे, यात वाद नाही. पण शब्द अरबी आहे. अरबीत 'शमअ' म्हणजे, बसून घ्या, मेण. त्यावरून फार्सीत शमा म्हणजे मेणबत्ती, आणि तिथून आपल्याकडे समई. थोडक्यात, परकी मेणबत्ती नको म्हणून जो अस्सल मराठी शब्द सुचवला जातो आहे, त्याचा अर्थ परक्या भाषेत मेणबत्ती असा आहे. एक प्रवचनकार दर दिवाळीला सांगत असतात की सगळ्या वाती सम अंतरावर म्हणून समई. मग चारपायी खुर्चीला 'समई' का म्हणत नाहीत? एकाच वातीच्या समईचे काय करायचे? व्युत्पत्ती म्हणजे शब्दाकडे बघून सुचलेली कल्पना नव्हे. माधव जूलियनांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश काढला. पुढे तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले, पण आधी त्यांनी घरातले पाहुणे मोजून तरी घेतले होते. आजच्या शुद्धीवाल्यांना पाहुणे कोण आणि घरचे कोण हेच ठाऊक नसते.

नाताळात तुम्ही दारावर टांगता त्या चांदणीच्या कंदिलालाही असाच कोणी आक्षेप घेईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. कंदील अरबी 'किंदील'वरून, तो ग्रीक-अरामी वाटेने आलेला, आणि मुळात लॅटिन 'कँदेला'. म्हणजे तुमच्या चर्चच्या जुन्या भाषेतली मेणबत्तीच, अरबांच्या उंटावरून फिरून दारात आलेली. या लॅटिन शब्दामागचा धातू 'चकाकणे' या अर्थाचा, आणि त्याचे संस्कृतातले भावंड 'चंद्र'. आता यातले परके काय ते तुम्हीच काढून दाखवा.

समई तुमच्या बायबलातही आहे, पण नेमकी कुठे, हे पाहण्यासारखे आहे. दिवा ठेवण्याच्या वस्तूला ग्रीकमध्ये एकच शब्द, 'लुख्निया'. निर्गमातल्या सोन्याच्या सात दिव्यांच्या वस्तूला, म्हणजे हिब्रू 'मनोरा'लाही, जुन्या ग्रीक भाषांतरात तोच आहे. १६११च्या इंग्रजी बायबलाने सगळीकडे मेणबत्तीचे घर करून टाकले, जरी येशूच्या काळी गालीलातल्या घरात मातीची तेलाची पणती असे. मराठीने मात्र तीन शब्द वापरले. निर्गमात दीपवृक्ष. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, दिवा मापाखाली ठेवत नाहीत तिथे, दिवठणी. आणि प्रकटीकरणात सोन्याच्या सात समया.

माझे मत असे की हा योगायोग नाही, जागेचा हिशेब आहे. निर्गमातल्या वस्तूला फांद्या, कळ्या, फुले आहेत, म्हणून वृक्ष. आपल्या देवळापुढची दीपमाळ पाहिलेल्या माणसालाच हे सुचेल. मत्तयातले घर गरिबाचे, एका खोलीचे, धान्य मोजायचे माप हाताशी असलेले. तिथे दिव्याचे ठाणे ते दिवठणी, दीप अधिक स्थान. प्रकटीकरणात त्या समया म्हणजे सात मंडळ्या, सात ख्रिस्ती समुदाय आहेत, प्रत्येक आपल्या पायावर उभी, आणि त्यांच्या मधोमध ख्रिस्त दिसतो. दीपवृक्षाच्या फांद्यांमध्ये कोणाला उभे राहता येईल? समयांच्या मध्ये येते. माझ्या एका मित्राने, तो धर्मशास्त्र शिकवतो, हे ऐकून 'भाषांतरकार वेगवेगळे असतील, इतकेच' असे म्हणून चहा मागवला. असतील. पण तिघांचेही कान चांगले होते एवढे तरी मान्य करा.

तेव्हा 'पवित्र समई'त अडचण अशी की समई म्हणजे मंडळी, हे तुमच्याच शास्त्रात लिहून ठेवले आहे. 'दीप'ही जपून वापरावा. योहानाच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणारा योहान हा जळता दिवा आहे, प्रकाश नव्हे. तिथे ग्रीकमध्ये 'लुख्नोस' वेगळा, 'फोस' वेगळा, आणि मराठीने ते दिवा आणि प्रकाश असे नीट वेगळे ठेवले आहेत. मेणबत्तीला मेणबत्ती म्हटले की ती जिची खूण आहे तो प्रकाश वेगळा राहतो. केकवरच्या मेणबत्त्यांचे म्हणाल तर त्या फुंकून विझवतात. ही फुंकून विझवायला कोणी धजणार नाही, तेवढी भीड त्या शब्दाला पुरेशी आहे.

पास्काचे राहिलेच. मूळ हिब्रू 'पेसाह', ग्रीकमध्ये 'पास्खा', पोर्तुगिजांकडे पोचेपर्यंत ख चा क झाला. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगिजांकडे होती, त्यामुळे तुमच्या घरांत क ऐकू येणे स्वाभाविक आहे. पुस्तिकेत 'पास्का' ठेवा, पण पहिल्या पानावर पास्का आणि सातव्यावर पास्खा असे करू नका, मसुद्यात तसे झाले आहे. आणि तो जादा ज काढा.