सांबऱ्याहून (बेळगावच्या विमानतळावरून) लंडनला जाताना

मुंबई-लंडन हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. विमानाला किती वेळ लागेल याचा हिशोब करताना ताशी 900 किलोमीटरचा वेग धरून तू आठ तास काढलेस, पण तिकिटावर नऊ-दहा दिसतील. धावपट्टीपर्यंतची रांग, चढणं-उतरणं, वळसे आहेतच. शिवाय पश्चिमेकडं जाताना जेट स्ट्रीमचं, म्हणजे खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहणारं जोराचं वारं समोरून येतं. परतताना तेच पाठीशी, म्हणून येणं लवकर होतंय. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या: हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागं, उन्हाळ्यात साडेचार.

खरी मेख मुंबईच्या अलीकडंच आहे बघ. सांबऱ्याहून मुंबईचं आणि पुढचं विमान वेगवेगळ्या तिकिटांवर घेऊ नको. पहिलं लेट झालं तर दुसऱ्याचे पैसे बुडालेच समज. मुंबईला रात्रीच्या बसनं जाणार असशील तर एक दिवस आधी नीघ, पावसाळ्यात तर नक्कीच.