गरिबीचे जुने फोटो हॉलमध्ये लावावेत का?

तुमचा प्रश्न असा: नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये अमेरिकेतल्या गरिबीचे काही जुने कृष्णधवल फोटो मोठे करून लावायचे आहेत, पण घरातूनच विरोध होतोय की दुसऱ्याच्या दारिद्र्याची सजावट कशाला. मी बरीच वर्षं जुने संग्रहातले फोटो प्रिंट करून फ्रेम करतोय. माझं मत स्पष्ट आहे. लावा, पण फोटोतला माणूस कोण होता हे पाहुण्याला सांगता येत असेल तरच. आणि सगळे नको, एकच लावा.

तुमच्या यादीत पहिला आहे छायाचित्रकार डोरोथिया लँग यांचा ‘मायग्रंट मदर’, म्हणजे मुलं बिलगून असलेल्या एका स्थलांतरित मजूर आईचा फोटो. 1930 च्या दशकातली मंदी, मार्च 1936, कॅलिफोर्नियातलं निपोमो गाव. वाटाण्याचं पीक गेलेलं, तोडणीला आलेले मजूर तंबूत अडकलेले. लँग सरकारी नोकरीत होत्या. ग्रामीण भागातली हलाखी लोकांसमोर यावी आणि मदतीच्या योजनांना पाठिंबा मिळावा, म्हणून हे फोटो काढले जात. निपोमोचे फोटो वर्तमानपत्रात आल्यावर छावणीला सुमारे 20 हजार पौंड धान्य आणि खाद्यपदार्थ पोचलेही. तोवर ती बाई मुलांना घेऊन पुढे निघून गेली होती.

लँगनी तिचं नाव विचारलंच नव्हतं. पुढे 1960 मध्ये त्यांनी स्वतःच तसं लिहिलं. सरकारी नोंदीत फक्त ‘सात मुलांची आई, वय बत्तीस’. तिचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, ती चेरोकी, म्हणजे अमेरिकेतल्या एका मूळ रहिवासी जमातीच्या वंशाची होती, हे जगाला कळलं 1978 मध्ये. तेव्हा तिने बोलून दाखवलं, की हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, यातून मला एक पैसाही मिळाला नाही. 1983 मध्ये ती आजारी पडली तेव्हा मुलांना उपचारासाठी लोकांपुढे हात पसरावा लागला. 30 हजार डॉलरहून जास्त मदत आली, शेकडो लोकांनी पत्रं लिहिली. त्याच वर्षी ती गेली. 1998 मध्ये याच फोटोची लँगच्या हस्ताक्षरातल्या टिपणांसह असलेली एक जुनी प्रिंट लिलावात 2,44,500 डॉलरला विकली गेली. हे सगळं माहीत असून लावायचा असेल तर जरूर लावा. मी लावलाय. खाली माउंटवरच, म्हणजे फोटोभोवतीच्या पुठ्ठ्यावर, तिचं नाव, गाव आणि साल लिहिलंय. येणारा माणूस आधी चेहरा बघतो, मग वाकून नाव वाचतो, आणि पुढचं बोलणं फ्रेमबद्दल होत नाही, तिच्याबद्दल होतं.

यादीतला दुसरा, पत्रकार-छायाचित्रकार जेकब रीस यांचा न्यूयॉर्कच्या बेयर्ड स्ट्रीटवरच्या खोलीतला, तो मात्र कृपा करून काढून टाका. साल 1889. पाच सेंटला झोपायची जागा, एका कोंदट खोलीत दाटीवाटीने पडलेली माणसं. रात्री अचानक फ्लॅशची पूड पेटवून फोटो घेतलाय. डोळे बघा, कुणाचे अर्धवट उघडलेले, कुणी अजून झोपेतच. रीस यांच्या कामामुळे तिथल्या चाळींबद्दल कायदे व्हायला मदत झाली, त्याबद्दल आदर आहेच. ते पुस्तकात बघावं, संग्रहालयात बघावं. पण झोपेतून दचकवलेल्या, नाव-गाव नसलेल्या माणसांना कायमचं सोफ्याच्या वर टांगणं माझ्या मनाला पटत नाही. याच कारणासाठी 1876-78 च्या दुष्काळातले, मद्रासकडचे हाडांच्या सापळ्यांचे फोटोही मी कुणाला फ्रेम करून देत नाही. तो दुष्काळ आपल्या पुणे-सोलापूरकडेही पडला होता.

प्रिंटबद्दल. ऑनलाइन मिळणारे तयार कॅनव्हास घेऊ नका. बरेच विक्रेते सेपिया, म्हणजे तपकिरी छटा चढवतात, कडा कापतात आणि खालची नोंद उडवतात. लँग यांचा फोटो सरकारी नोकरीत काढलेला असल्याने त्यावर स्वामित्वहक्क नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या सरकारी ग्रंथालयाच्या साइटवरून सगळ्यात मोठी टिफ फाइल फुकट उतरवता येते. खाली उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता, तो पुढे निगेटिव्हवर पुसला गेला. नीट पाहिलंत तर त्याची पुसट खूण दिसते. प्रिंटरवाल्याने ती डाग समजून साफ करू नये, हे आधीच बजावून ठेवा. कागद मॅट घ्या, माउंटबोर्ड अॅसिड-फ्री, काच शक्यतो चमक न मारणारी. पश्चिमेच्या उन्हाची भिंत टाळा. आकार ए-थ्रीच्या वर नको. माणसाचा चेहरा पोस्टरएवढा झाला की तो जाहिरातीसारखा दिसायला लागतो.

घरच्यांचं मन तरीही मानत नसेल तर त्याच सरकारी संग्रहात छायाचित्रकार रसेल ली यांचे न्यू मेक्सिकोतल्या पाय टाऊनचे 1940 चे फोटो बघा. जमिनीत अर्धं खणून बांधलेल्या घरात फॅरो कॉडिल यांचं कुटुंब जेवायला बसलंय. गरिबी तीच, घरही साधंच. पण ही माणसं आपल्या घरात, आपल्या ताटावर आहेत, आणि त्यांचं नाव पहिल्या दिवसापासून नोंदीत आहे. जेवणाच्या टेबलाजवळच्या भिंतीसाठी मी हाच निवडेन.