वहीत न आलेला बारदाना: एका निवृत्तीनंतरचा अनुभव

कळंबहून आलेला आपला प्रश्न वाचला आणि लातूरमधले आमचे जुने बियाणे प्रक्रिया केंद्र डोळ्यांसमोर उभे राहिले. आपल्या शेतकरी उत्पादक कंपनीचे केंद्र ज्यांच्या भरवशावर चालते, ते गृहस्थ दिवाळीनंतर काम थांबवणार आहेत आणि त्यांच्याजवळचे ज्ञान साठवण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असे आपण विचारले आहे. साठ्याच्या नोंदी, हिशेब आणि त्यांच्या प्रती आपण ठेवतच असाल, असे धरून त्याविषयी काही लिहीत नाही.

आम्ही चौदा माणसे होतो. यंत्रांची आणि गोदामाची सगळी जबाबदारी ज्यांच्याकडे होती त्यांना सर्वजण मामा म्हणत. ते निवृत्त होण्याआधी दोन महिने मी त्यांना एक नवी कोरी वही दिली आणि ‘तुम्हाला जे जे ठाऊक आहे ते सगळे यात लिहा’ असे सांगितले. माझी सर्वांत महागात पडलेली चूक ती हीच. मामांनी प्रामाणिकपणे चाळीस पाने भरली. ओलावा १२ टक्क्यांपेक्षा जास्त नको, पोत्यांची थप्पी पाच-सहाच्या वर नको, चाळणी कधी बदलायची, असे सगळे त्यात होते. पण हे तर कोणत्याही माहितीपत्रकातही सापडते.

त्या वर्षी खंडेनवमीच्या पूजेसाठी केंद्र धुऊन-पुसून घेतले. दाणे वर चढवणाऱ्या एलिव्हेटरमधून ते जिथे पडतात त्या हॉपरच्या, म्हणजे पत्र्याच्या मोठ्या नरसाळ्याच्या, तळाशी फाटका, धुळीने माखलेला बारदाना अंथरलेला होता. तो कचरा समजून मीच बाहेर काढायला लावला. हंगामात माल नेहमीपेक्षा कोरडा आला, ओलावा दहाच्या आत होता आणि आम्ही त्यातच समाधान मानले. पुढे चाचणीत उगवण ५८ टक्के आली. प्रमाणित सोयाबीन बियाण्याला किमान ७० टक्के लागते, त्यामुळे ते लॉट आडतीवर साध्या सोयाबीनच्या भावाने विकावे लागले.

मी मामांच्या गावी गेलो, तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “बारदाना आहे का जागेवर?” सोयाबीनचे टरफल पातळ असते आणि अंकुर त्याच्या लगेच खाली असतो, फार वाळलेला दाणा उंचावरून पत्र्यावर आदळला की बाहेरून धड दिसतो, पण आतून दुखावतो. मामा बारदान्याची घडी मालाच्या कोरडेपणानुसार कमी-जास्त करत. वहीत हे का लिहिले नाही, असे विचारल्यावर ते म्हणाले, “त्यात लिहिण्यासारखं काय आहे? ते तर समोरच दिसतं.” तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये मांडले होते की माणसाला जितके सांगता येते त्याहून अधिक ठाऊक असते, त्याचा अर्थ मला त्या ओसरीवर कळला.

पुढे वाळूजच्या सहाशे माणसांच्या कारखान्यात काम केले, तिथे अडचण नेमकी उलटी होती. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत संस्थेचे ज्ञान राखण्याविषयी स्वतंत्र कलम आले, त्यानंतर आमच्याकडे फायलींनी कपाटे भरली, पण रात्रपाळीचा माणूस ती कधी उघडत नसे. कोणाला काय येते हेच एकमेकांना ठाऊक नव्हते. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी माणसाच्या टिकाऊ ओळखींचा आकडा सुमारे १५० असा मांडला आहे. माझ्या अनुभवात त्याच्या आसपासच तोंडी विचारपूस अपुरी पडू लागते आणि ‘कोणत्या कामाला कोणाला विचारावे’ अशी साधी यादी लागते. आमच्याकडे खरा उपयोग झाला तो पाळी बदलताना यंत्राजवळ दोघांनी मिळून काढलेल्या दहा मिनिटांचा. त्यामुळे लहान संस्थेने मोठ्या संस्थेची कपाटे उसनी आणू नयेत, असे माझे ठाम मत आहे. हे मत बियाणे आणि कारखाना एवढ्याच अनुभवावर आधारलेले आहे; दूध किंवा पतसंस्थेच्या कामाला ते जसेच्या तसे लावू नये.

आपल्यासारख्या कंपन्यांना आणखी एक धोका असतो. २०२० च्या केंद्रीय योजनेत व्यवस्थापन खर्चासाठी कंपनीमागे १८ लाख रुपयांपर्यंतचे साहाय्य तीन वर्षांपुरते मिळते. ते संपले की पगाराअभावी व्यवस्थापक सोडून जातो आणि ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येत राहतात. कंपनीच्या नावाचे सिमकार्ड आजच घ्या. आम्ही ते केले नव्हते आणि एका कार्यालयात केवळ नोंदणीतला मोबाइल क्रमांक बदलण्यासाठी पाच महिने हेलपाटे घातले. तिथले जुने कर्मचारी बदलून गेले होते आणि आमच्याच अर्जाचा आवक क्रमांक दर वेळी आम्हीच दाखवायचा, अशी पद्धत होती. त्या मनस्तापाची आठवण आजही नकोशी वाटते.

सॉफ्टवेअरचे पैसे सध्या बाजूला ठेवा आणि त्यातून त्या गृहस्थांना येत्या हंगामाचे आणि पुढच्याही हंगामाचे मानधन द्या. त्यांना लिहायला बसवू नका. नव्या माणसाला काम करू द्या, त्यांना शेजारी उभे करा आणि ज्या क्षणी ते ‘थांब’ म्हणतील, त्या क्षणी का थांबवले एवढेच विचारून मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. तोपर्यंत केंद्रातली एकही चिंधी, दोरी किंवा वीट त्यांना विचारल्याशिवाय हलवू नका.