धाकटी दादाशेजारी जेवायला का बसत नाही?

धुळ्याच्या देवपुरातून एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय, सारांश देते. दिवाळीच्या सुट्टीत सगळे नाशिकला नणंदेकडे गेले होते. नंदोईंनी हौसेने सगळ्यांना शूटिंग रेंजवर नेलं. हवेचं पिस्तूल, प्रत्येकाला दहा छर्रे. पंधरा वर्षांच्या मुलाचा हात चांगला स्थिर निघाला, तिथे शिकवणाऱ्या सरांनीही कौतुक केलं. मग फोटो काढताना चिरंजीवांनी गंमत म्हणून पिस्तूल नऊ वर्षांच्या बहिणीवर रोखलं. सरांनी तिथल्या तिथे त्याच्या हातातून ते काढून घेतलं, उरलेले पैसे परत केले आणि सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. ताईंचे मिस्टर सरांशी भांडले, "नळीत छर्राच नव्हता" म्हणाले. घरी आल्यावर ताई मुलाला रागावल्या तर सासूबाई म्हणतात, "पोऱ्या शे, इतलं काय मनवर लेवानं?" मुलाने तो फोटो गाणं लावून स्टेटसला ठेवला. मिस्टर आता ऑनलाइन एअर पिस्तूल मागवायचं म्हणतात, म्हणजे पोरगं घरीच अंगणात सराव करेल. "माझं चुकलं का? आणि मुलाला पुन्हा रेंजवर पाठवू की नको?" असं ताईंनी विचारलंय.

ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही स्वतःच घाईत ओलांडून गेलात. "धाकटी तेव्हापासून दादाशेजारी जेवायला बसत नाही, हट्टी झालीय." ती हट्टी झालेली नाही हो. नळीच्या समोर उभी होती ती. नळीत छर्रा होता की नव्हता, हे तिला कुठून कळणार? सर बरोबर की तुमचे मिस्टर बरोबर, यावर सगळं घर आठवडाभर वाद घालतंय, आणि तिला अजून कुणी विचारलेलंही नाही. म्हणून आधी तिला विचारा. सगळ्यांसमोर नको, रात्री वेणी घालताना वगैरे. मग मुलाने तिची माफी मागायची, आणि स्टेटस त्याने स्वतःच्या हाताने काढायचं. काढलं की मोबाईल तिला दाखवायचा.

सरांनी केलं ते योग्यच होतं. रेंजवरचा पहिला नियम म्हणजे नळी कायम लक्ष्याच्या दिशेने. भरलेलं असो, रिकामं असो, ते माणसाकडे वळवायचंच नाही. दुसरा, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाचा ट्रिगर अर्धा किलो दाबालाही सुटू शकतो, नवख्याचं बोट नुसतं टेकलं तरी पुरतं. म्हणूनच नेमबाज थांबले की नळीतून भगवी दोरी ओवून ठेवतात, आत काही नाही हे लांबूनही दिसावं म्हणून. "रिकामं आहे असं वाटलं होतं" हे वाक्य पेपरात कोणत्या बातम्यांखाली येतं, ते आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

मिस्टरांशी मात्र तुम्ही वाद घालू नका. तुम्ही लिहिलंय की तुमचे मोठे काका एसआरपीतून, म्हणजे राज्य राखीव पोलीस दलातून निवृत्त झालेत. धुळ्यात एसआरपीचा कॅम्प असताना हा प्रश्न माझ्याकडे पाठवलात याचीच मला गंमत वाटली! एका रविवारी काकांना जेवायला बोलवा, भरीत-भाकरी करा, आणि रेंजवर काय झालं ते मुलालाच त्यांना सांगू द्या. इतकी वर्षं खरी रायफल हाताळलेला माणूस "नळीत छर्राच नव्हता" यावर काय बोलतो, ते मिस्टरांनी तुमच्याकडून ऐकण्यापेक्षा त्यांच्याकडून ऐकलेलं बरं. सासूबाईही त्यांच्यापुढे "पोऱ्या शे" म्हणणार नाहीत.

घरी पिस्तूल आणायला माझा साफ नकार. साध्या 4.5 मिलिमीटरच्या हवेच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही, म्हणून लोक त्याला खेळणं समजतात. छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने सुटतो, डोळा जायला तेवढं पुष्कळ झालं. रेंजवर छर्रा अडवायला लक्ष्यामागे सोय केलेली असते. अंगणातल्या भिंतीवर आपटला तर तो कुठे उलटेल याचा नेम नाही, आणि शेजारच्यांची पोरं अंगणातच असतात. शिवाय छर्रे शिशाचे. पोरं ते तोंडात धरतात, त्याच हातांनी शेव-मुरमुरे खातात. रेंजवरून आल्यावरसुद्धा आधी साबणाने हात धुवायचे, मग खाणं.

पण मुलाला पाठवा, नक्की पाठवा. हात स्थिर आहे हे सरांनी आपणहून सांगितलंय, ते वाया घालवू नका. दहा मीटरवरच्या लक्ष्याच्या कागदावर दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 11.5 मिलिमीटरचं असतं, आणि पिस्तूल एकाच हाताने, आधाराशिवाय धरायचं असतं. साठ फैरी तशा मारायच्या तर डोक्यात स्टेटस ठेवून चालत नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्निल कुसाळे कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा, मध्य रेल्वेत टीसी होता. पिस्तुलात राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं, तीही कोल्हापूरची. खानदेशातल्या पोरांनी का मागे राहावं? त्याच्या शाळेत एनसीसी असेल तर नाव घाला, तिथे .22 रायफल शिस्तीत शिकवतात. आणि नाशिकच्या त्याच सरांकडे परत जायचं असेल तर आधी मिस्टरांनी त्यांना फोन करायचा. मुलाने नाही, मिस्टरांनी. बाप माफी मागतो हे पोराने ऐकलं की निम्मं काम झालं.

राहता राहिलात तुम्ही. पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय, "माझा नंबर आलाच नाही, मलाही बघायचं होतं." मग पुढच्या खेपेला पहिला नंबर तुमचा. डबा, पिशव्या, सगळ्यांचे मोबाईल मिस्टरांच्या हातात द्या. नेम धरताना लक्ष्याकडे टक लावू नका, नळीच्या टोकावरचा उंचवटा आणि मागची खाच एका रेषेत आणा आणि नजर त्या उंचवट्यावरच ठेवा. लक्ष्य धूसर दिसेल, दिसू दे. ट्रिगर हिसकायचा नाही, हळूहळू दाबत जायचा. पहिले दोन-तीन छर्रे कागदाबाहेर गेले तर नंदोई हसतील. हसू द्या.