धुरा आणि वेदी

प्रभूमध्ये प्रिय, सप्रेम सलाम.

काकांनी वखरताना तुमच्या धुऱ्याकडची, म्हणजे शेताच्या बांधालगतची, दोन तासे आपल्या वावरात ओढली आणि तेव्हापासून तू त्यांच्या अंगणातून जाणे सोडलेस, हे वाचून नवल वाटले नाही. आपल्याकडे धुऱ्याने जितकी घरे तोडली तितकी दारूनेही तोडली नसतील. ख्रिस्ती माणसाने रागावूच नये का, असे तू विचारतोस. शास्त्र तसे म्हणत नाही. शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या, दिवशी वाळलेल्या हाताचा माणूस समोर असताना गप्प राहिलेल्यांकडे येशूने रागाने पाहिले, असे मार्काने लिहिले आहे; मात्र त्याच वाक्यात त्यांच्या मनाच्या कठीणपणामुळे तो खिन्न झाला असेही आहे. तुझ्या रागात ती खिन्नता आहे का, हे तूच पाहा.

प्रेषित पौल इफिसकरांच्या पत्रात रागाला सूर्यास्ताची मुदत घालून देतो. यहुदी गणनेत दिवस तेव्हाच संपतो, म्हणजे आजचा राग उद्यावर ओढायचा नाही. मी स्वतः ओलिताच्या पाळीवरून धाकट्या भावाशी चार वर्षे बोललो नाही. दर रविवारी मंदिरात त्याच्या मागच्या बाकावर बसून प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘ऋण्यांस ऋण सोडले आहे’ या शब्दांपाशी माझा आवाज आपोआप खाली जाई.

पण खरी अडचण मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. वेदीपाशी अर्पण आणल्यावर, आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायचा. आपल्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे, हे तिथे कोणी विचारलेलेच नाही! ऐकणारे गालीलातले आणि वेदी यरुशलेमात, शंभराहून अधिक किलोमीटरची पायपीट. तू काकांचा हिशोब दीड पान लिहिलास. त्यांचा बैल तुमच्या तुरीत शिरला तेव्हा भर चौकात तू त्यांना जे बोललास, त्याची एक ओळही नाही.

धुरा सोडून दे, असे मी म्हणत नाही. मोजणीचा अर्ज अवश्य कर. पण त्याआधी त्या बोलण्याची माफी माग आणि अर्जाचेही त्यांना तूच सांग. ते ऐकतीलच असे नाही. ‘तुमच्याकडून होईल तितके’ सर्वांशी शांतीने राहा, एवढेच पौल रोमकरांना लिहितो. दुपारी बैल सोडून ते बाभळीखाली शिदोरीला बसतात, तेव्हा एकटाच जा. मोठ्या भावाला सोबत नेऊ नकोस.