'ब्लास्फेमी'ला मराठीत काय म्हणायचं? ईशनिंदा, धर्मनिंदा की आणखी काही?

प्रश्न असा आलाय की 'ब्लास्फेमी'ला मराठीत ईशनिंदा म्हणावं की धर्मनिंदा, आणि भारतीय दंड संहितेतल्या कलम २९५-अ ला 'ईशनिंदा कायदा' म्हटलेलं चालतं का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, नाही चालत. का नाही ते सांगताना पहिल्याचंही उत्तर येईलच.

मूळ ग्रीक शब्द ब्लास्फेमिया, आणि त्याचा अर्थ नुसता वाईट बोलणं, बदनामी करणं, मग ती कुणाचीही असो. इंग्रजीतला रोजच्या वापरातला 'ब्लेम' हा शब्दसुद्धा त्याचाच वंशज आहे, लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमधून झिजत झिजत आलेला. देवाशी त्याची पक्की गाठ पडली ती नंतर, धर्मग्रंथांमधल्या वापरामुळे. म्हणजे 'निंदा' एवढाच भाग मुळातला, त्याच्या आधी ईश लावायचं की धर्म हे तो कायदा कुणाच्या वतीने बोलतोय त्यावर ठरवायला हवं. १६९७ मध्ये एडिंबरात थॉमस एकनहेड नावाच्या विद्यार्थ्याला फाशी दिली, तिथे ईशनिंदा हा शब्द चपखल बसतो कारण गुन्हा थेट देवाविरुद्धचाच मानला गेला होता. इंग्लंडमधला जुना कायदा मात्र फक्त तिथल्या अधिकृत चर्चच्या धर्माला संरक्षण द्यायचा, बाकीच्या धर्मांना नाही, त्यामुळे त्याला खरं तर धर्मनिंदासुद्धा जरा सैलच होतं. तो २००८ मध्ये रद्द झाला. आयर्लंडने २०१८ मध्ये सार्वमत घेऊन राज्यघटनेतला हा शब्दच काढून टाकला.

आता भारत. २९५-अ मध्ये देव हा शब्दच नाहीये. लाहोरमध्ये एका पुस्तिकेवरून प्रकाशकावर खटला झाला, तेव्हाच्या कलमात तो गुन्हा बसत नाही म्हणून हायकोर्टाने त्याला सोडलं, आणि ती फट बुजवायला १९२७ मध्ये हे कलम आलं (दोनच वर्षांनी त्या प्रकाशकाचा खून झाला). कलम म्हणतं की एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावनांवर आघात करण्याच्या जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने जो त्यांच्या धर्माचा किंवा श्रद्धांचा अपमान करेल तो गुन्हेगार. म्हणजे इथे दुखावलेला पक्ष माणूस आहे, देव नाही. १ जुलै २०२४ पासून हेच भारतीय न्याय संहितेत कलम २९९ झालंय, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. याला 'धार्मिक भावना दुखावण्याचा कायदा' म्हणतात ते ईशनिंदेपेक्षा पुष्कळ बरं, पण त्यातही एक गोची आहे आणि ती पूर्णपणे मराठी व्याकरणाची आहे.

'त्याने माझ्या भावना दुखावल्या' हे वाक्य घ्या. त्यातून 'त्याने' काढा. 'माझ्या भावना दुखावल्या.' वाक्य तसंच उभं राहतं! 'त्याने पुस्तक फाडलं' मधून 'त्याने' काढलं तर कुणी फाडलं हा प्रश्न लगेच पडतो, पण दुखावणं हे क्रियापद दोन्हीकडे चालतं, सकर्मकही आणि अकर्मकही, खांदा दुखावला म्हणतो तसं. त्यामुळे करणारा, त्याचा हेतू, तो नक्की काय बोलला हे सगळं वाक्यातून निघून जातं आणि उरतं ते फक्त दुखणं. कायद्याला मात्र तोच हेतू सिद्ध झालेला हवा असतो. सुप्रीम कोर्टाने १९५७ मध्ये रामजी लाल मोदी खटल्यात हे कलम वैध ठरवलं तेव्हा हेच स्पष्ट केलं होतं की अनवधानाने किंवा निष्काळजीपणाने झालेला अपमान यात येत नाही. आपण बोलताना नेमका हा भाग गाळतो, 'भावना दुखावल्यात ना, मग गुन्हा झालाच' असं सरळ समीकरण मांडतो आणि लिहिणारा माणूस आधीच घाबरून वाक्य खोडतो. हे मला फार लागतं, कारण एवढ्या साध्या कारणाने किती लिखाण कागदावर यायच्या आधीच मरत असेल ते मोजताच येणार नाही.

हेतू कायद्यातूनच निघून गेला तर काय होतं ते पाकिस्तानात दिसतं. तिथेही ब्रिटिशांचंच २९५ आहे, पण १९८६ मध्ये त्यात २९५-सी जोडलं, पैगंबरांच्या नावाच्या अवमानाबद्दल, आणि त्याच्या मजकुरात हेतूचा उल्लेख नाही. उलट थेट किंवा आडून, सूचकपणे बोललेलंही त्यात धरलंय. शिक्षा मृत्यूची. म्हणजे आरोपातलं वाक्य बातमीत जसंच्या तसं छापायचं म्हटलं तरी छापणाऱ्याला धास्ती. उर्दूत याला तौहीन-ए-रिसालत म्हणतात, तौहीन म्हणजे अवमान आणि रिसालत म्हणजे पैगंबरपद, त्यामुळे मराठीत लिहिताना 'पैगंबरांचा अवमान' हेच जास्त नेमकं, ईशनिंदा नाही. पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर या कायद्यावर उघड टीका करायचे. जानेवारी २०११ मध्ये त्यांच्याच अंगरक्षकाने त्यांना गोळ्या घातल्या, कारण त्याच्या लेखी कायद्यावरची टीका हीच तौहीन होती. टीका, चिकित्सा, निंदा, अवमान हे चार वेगळे शब्द आहेत आणि त्यांच्यातलं अंतर पुसलं की माणसं मरतात, हे मी अलंकारिक बोलत नाहीये.

बरं, धर्मनिंदेच्या शेजारचे अजून दोन शब्द. एक विटंबना. संस्कृतात विडंबन म्हणजे नक्कल, थट्टा. मराठीत त्याच्या दोन वाटा झाल्या, 'विडंबन' हा मान्य वाङ्मयप्रकार झाला आणि 'विटंबना' पोलीस स्टेशनात गेली. एकाच लिखाणाला लेखक विडंबन म्हणतो आणि तक्रारदार विटंबना, त्यामुळे मूर्तीची किंवा ग्रंथाची प्रत्यक्ष नासधूस झाली असेल तरच विटंबना म्हणावं, शब्दांसाठी तो वापरू नये असं माझं ठाम मत आहे.

दुसरा पाखंड. हा ब्लास्फेमीला अजिबात वापरू नका, पाखंड म्हणजे प्रस्थापित मतापेक्षा वेगळं मत. आणि मुळात तर तेवढंही नव्हतं, अशोकाच्या गिरनारच्या बाराव्या शिलालेखात 'पासंड' म्हणजे नुसता पंथ, कुठलाही, स्वतःचासुद्धा. तिथे 'वचिगुती' म्हणजे वाणीचा संयम सांगितलाय आणि 'परपासंडगरहा' म्हणजे दुसऱ्याच्या पंथाची गर्हा (निंदा) कारण नसताना करू नये, प्रसंग असेल तर सौम्यपणे करावी असं म्हटलंय. शिक्षा सांगितलेली नाही. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा राजा, हातात सगळी सत्ता, आणि लेखात विनंतीचा सूर!

शेवटचं, बातमी किंवा पोस्ट लिहिणाऱ्यांसाठी. 'ईशनिंदा केल्याबद्दल अटक' असं लिहू नका, 'केल्याबद्दल' म्हटलं की निकाल तुम्हीच दिलात. 'अवमानाच्या आरोपावरून अटक' लिहा. पाकिस्तानातल्या आसिया बीबीचं बघा, शेतात फळं तोडताना पाण्यावरून भांडण झालं, त्यातून तिच्यावर पैगंबरांच्या अवमानाचा आरोप झाला, २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली, आणि ३१ ऑक्टोबर २०१८ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने तिला निर्दोष सोडलं. तिच्या नावामागे 'ईशनिंदा करणारी' असं लिहिलेलं अजूनही दिसतं. ते चूक आहे. 'पैगंबरांच्या अवमानाच्या खोट्या आरोपाखाली नऊ वर्षांहून जास्त तुरुंगात राहिलेली' असं लिहा, लांब झालं तरी चालेल.