इंजिन उतरवण्याआधी

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा सोबतच्या फोटोंकडेच पाहत राहिलो, खोटं कशाला बोलू. ताडपत्रीखाली पडलेलं जुनं टर्बो डिझेल दिसलं की माझेही हात शिवशिवतात. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की चार पानांपैकी साडेतीन पानं त्या इंजिनाबद्दल आहेत आणि तुझ्या गाडीला जेमतेम अर्धं पान मिळालंय. त्या अर्ध्या पानात तीन तक्रारी एका दमात लिहून तू मोकळी झालीस: चढावर दम लागतो, दगडांतून हळू काढताना बंद पडते, पेट्रोल फार पिते. पेट्रोलचं इंजिन उतरवून त्या जागी डिझेल बसवणं हेच या तिन्हींवरचं एकमेव औषध, असं तू धरून चाललीयस. मला तरी तसं दिसत नाही.

चढावरच्या दमाचं आधी बघू. तूच लिहिलंयस, की मागच्या वर्षी २९ इंची टायर काढून ३३ इंची चढवले. टायर मोठा झाला की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, म्हणजे सगळेच गिअर लांब होतात. २९ भागिले ३३ करून बघ. चाकापाशी पोहोचणारा जोर जवळजवळ १२ टक्क्यांनी कमी झालाय. इंजिन जसं होतं तसंच आहे, दम टायरने खाल्लाय. तुझ्या डिफरन्शियलचं, म्हणजे चाकांआधीच्या शेवटच्या गिअरजोडीचं, गुणोत्तर ४.१ आहे. पूर्वीचा जोर परत हवा असेल तर ते साधारण ४.७ पाहिजे.

दगडांतली तक्रार मात्र टायरच्या आधीपासूनची आहे. पहिला गिअर ३.६, ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या डब्याची) लो रेंज, म्हणजे गाडी हळू करणारा जास्तीचा गिअर, २, डिफरन्शियल ४.१. गुणाकार येतो साडेएकोणतीस. म्हणजे इंजिन साडेएकोणतीस वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. दगडांच्या वाटेला हे फार कमी आहे. गाडी हवी त्यापेक्षा जोरात पळते, म्हणून तू क्लच अर्धा दाबतेस, आणि तिथेच ती बंद पडते. ट्रान्सफर केसमध्ये ४ ची लो रेंज बसवली तर हाच आकडा ५९ होतो. त्याच इंजिनाचा चाकावरचा जोर दुप्पट आणि वेग निम्मा. तू पाहिलेलं कुठलंही डिझेल तुझ्या आत्ताच्या इंजिनाच्या दुप्पट टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देत नाही.

आता पेट्रोल. याचा हिशोब पैशांत करू नकोस, लिटरमध्ये कर, म्हणजे मनाला फसवता येत नाही. तू वर्षाला आठेक हजार किलोमीटर चालवतेस. आत्ता लिटरला ७ किलोमीटर मिळतात, डिझेलवर १० मिळतील असं धरू. म्हणजे ११४३ लिटरऐवजी ८००. वर्षाला ३४३ लिटर वाचले. दोन्ही इंधनांचा भाव एकच धर आणि अदलाबदलीचा सगळा खर्च किती लिटरचा होतो ते काढ. तो ५००० लिटरइतका निघाला, तर वसूल व्हायला साडेचौदा वर्षं लागतील. तोवर ही गाडी तुझ्याकडे असेल का? असेलही. माझ्याकडे होती. पण इंधन वाचवायला म्हणून इंजिन बदलणं हा मी ऐकलेला सगळ्यात महाग काटकसरीचा प्रकार आहे.

हे वाचून तुला वाटेल, म्हातारा डिझेलच्या विरोधात गेला. तसं नाही. डिझेलचा खरा गुण तुझ्या पत्रात आलाच नाही, तो मी सांगतो. जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेलला गव्हर्नर असतो, इंजिनाचे फेरे सांभाळणारा. लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये पाय पेडलवरून पूर्ण काढून घे आणि गाडी एखाद्या दगडावर चढू दे. चाकावर भार येतो, इंजिनाचे फेरे कमी व्हायला लागतात, आणि गव्हर्नर आपणहून थोडं जास्त इंधन सोडतो. गाडी थरथरते, गुरगुरते आणि चढते. तुझा पाय जमिनीवरच असतो. हे एकदा अनुभवलं की माणूस बिघडतो. शिवाय स्पार्क प्लग नाहीत, कॉइल नाही, त्यामुळे पाण्यातून जाताना इग्निशन भिजण्याची भीती नाही. स्टॉप सोलेनॉइडला, म्हणजे इंधन चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेला, बारा व्होल्ट मिळाले की अशी इंजिनं बाकी वायरिंगवाचून चालत राहतात.

म्हणून निवडायचंच झालं तर मी यांत्रिक पंपाचं घेईन. उदाहरणार्थ लँड रोव्हरचं ३०० टीडीआय: अडीच लिटर, १११ हॉर्सपॉवर, मिनिटाला १८०० फेऱ्यांवर २६५ न्यूटन मीटर टॉर्क. आकडे साधेच आहेत, पण गिअरबॉक्सला झेपणारे. मर्सिडीजचं पाच सिलिंडरचं ओएम ६१७ हेही त्याच जातीचं. कॉमन रेलची, म्हणजे संगणकाच्या हुकमावर इंधन सोडणारी, नवी इंजिनं जास्त ताकदीची आणि शांत असतात यात वाद नाही. कमिन्सचं आर २.८ तर असल्या अदलाबदलीसाठीच कंट्रोल युनिट आणि वायरिंगसकट पेटीत मिळायचं. पण भंगारातून उचललेलं कॉमन रेल म्हणजे इंजिनाबरोबर संगणक, सेन्सर, इमोबिलायझर, पेडल आणि सगळं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, आलं. त्यातली एक वायर कापलेली निघाली की पुढचे सहा महिने शोधाशोध.

आणि तुझं लाडकं कमिन्सचं फोर बीटी. ३.९ लिटर, मूळचं ट्रकच्या जातीचं. ते मरत नाही हे खरं, पण वजन साडेतीनशे किलोच्या आसपास आहे. तुझ्या आत्ताच्या इंजिनापेक्षा नाकावर दोनेकशे किलो जास्त. पुढच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतील, शॉक बदलावे लागतील, ब्रेक तपासावे लागतील, आणि चिखलात गाडी आधी नाक खुपसेल. हादरेही असे, की आयडलवर आरशात मागचं काही दिसत नाही. ते इंजिन ज्या गाड्यांत शोभतं, तशी तुझी गाडी नाही.

ज्याचा घोळ आधी लक्षात येत नाही अशी एक गोष्ट आता सांगतो. डिझेलला सगळं बळ खालच्या फेऱ्यांत असतं आणि वर ते लवकर संपतं. फोर बीटीसारखं इंजिन २५०० च्या आसपास संपलं असं समज. तुझ्या ३३ इंची टायरचा घेर २.६३ मीटर. ४.१ चं डिफरन्शियल आणि टॉप गिअर सरळ १ चा, तर २५०० फेऱ्यांवर ताशी ९६ किलोमीटर. आता आधी पेट्रोलसाठी म्हणून डिफरन्शियलमध्ये ४.८८ चं क्राऊन-पिनियन (गिअरजोडी) बसवलंस आणि दोन वर्षांनी डिझेल घातलंस, तर त्याच फेऱ्यांवर गाडी ८१ वर अडकेल. म्हणजे पेट्रोल ठेवायचं तर डिफरन्शियलचा आकडा वाढवायचा आणि डिझेल घालायचं तर त्याला हात लावायचा नाही. लो रेंजचा गिअर दोन्हीकडे कामाला येतो. मी तुझ्या जागी असतो तर पहिला खर्च तिथे केला असता, एक हंगाम गाडी चालवली असती आणि मग डिझेलचा विचार परत काढला असता. तोवर डिफरन्शियल तसंच.

माझ्या पहिल्या अदलाबदलीची एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, कारण लाज वाटते. इंजिन बसलं, पहिल्या स्टार्टला पेटलं, आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या. गाडी शेडमधून काढून उताराच्या तोंडाशी आणली, ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल विटेसारखं घट्ट! दोन्ही पायांनी त्यावर जवळजवळ उभा राहिलो, हँडब्रेक ओढला, तेव्हा कुठे ती मातीच्या ढिगाला टेकून थांबली. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलच्या मागे व्हॅक्यूम तयार होतो आणि ब्रेक बूस्टर त्यावर चालतो. डिझेल मोकळा श्वास घेतं, त्याला थ्रॉटलच नाही, मग व्हॅक्यूम कुठून येणार? मी बूस्टरचा पाइप मोठ्या ऐटीत इनटेक मॅनिफोल्डला जोडला होता. त्या इंजिनाचा व्हॅक्यूम पंप आल्टरनेटरच्या पाठीला लागून यायचा, आणि मी आल्टरनेटर दुसराच बसवला होता. का, तर तो जरा हलका होता.

तेव्हापासून मी सुटं इंजिन विकत घेत नाही. घ्यायची तर ज्या गाडीतून ते निघणार ती अख्खी गाडी, आणि तीही निघण्याआधी चालवून पाहून. व्हॅक्यूम पंप, माउंटिंग, रेडिएटर, इंटरकूलर, अॅक्सिलरेटरची केबल, सोलेनॉइडचा प्लग, हे एकेक शोधत बसण्यात अर्धा प्रकल्प जातो. तुझ्या फोटोतलं इंजिन सुटं आहे.

दुसरी जागा म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली अॅडॉप्टर प्लेट. लोक ती कापून आणतात, बोल्ट बसले की खूश होतात. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत आहेत का हे बोल्ट सांगत नाहीत. फ्लायव्हीलवर डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं माप) बांध, त्याचं टोक बेल हाऊसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या घंटेसारख्या कवचाच्या, भोकाच्या आतल्या कडेला टेकव आणि क्रँक हाताने एक पूर्ण फेरा फिरव. काटा एकंदर ०.१२ मिलिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. माझ्या एका गाडीत तो ०.४ हलत होता आणि मी म्हटलं, चालतंय. आधी क्लच नीट सुटेना, मग चौथा गिअर आपणहून बाहेर पडायला लागला आणि शेवटी इनपुट शाफ्टचं बेअरिंग वाळूसारखं वाजू लागलं. गिअरबॉक्स उतरवून, जागा पक्की करणाऱ्या डॉवेल पिना सरकवून पुन्हा तेच काम. चार सिलिंडरचं डिझेल तसंही ठोके मारत फिरतं, गिअरच्या दातांना ते आधीच जड जातं. त्यात रेषा चुकलेली असेल तर विचारूच नकोस.

संपचंही बघून ठेव. काही इंजिनांचा तेलाचा संप पुढच्या बाजूला खोल असतो, काहींचा मागच्या. सस्पेन्शन पूर्ण दाबलं गेलं की तुझा पुढचा अॅक्सल वर येऊन नेमका कुठे पोहोचतो? गाडी सपाटीवर उभी असताना हे दिसत नाही. संप आणि डिफरन्शियल एकमेकांना भेटले तर इंजिन वर उचलावं लागतं, मग बॉनेट लागत नाही, मग बॉनेट कापावं लागतं. असं एकातून एक निघत जातं.

बाकीचं भराभर सांगतो. डिझेल पंपातून उरलेलं इंधन टाकीत परत जातं, त्याला परतीची लाइन लागते. टाकी धुऊन कोरडी करायची, पेट्रोलचा आतला पंप काढायचा, पाणी वेगळं करणारा फिल्टर लावायचा. टॅकोमीटर, म्हणजे फेरे दाखवणारा काटा, इग्निशन कॉइलवरून चालत असेल तर मुका होईल, आल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून चालणारा बघ. कागदपत्रांचं मात्र भराभर नको. नोंदणीत इंधनाचा प्रकार आणि इंजिन नंबर बदलून मिळतो का, उत्सर्जनाच्या कुठल्या अटी लागू होतात आणि विमा कंपनी काय म्हणते, हे बोल्टला पाना लावण्याआधी लेखी घे. तोंडी ‘होऊन जाईल’ म्हणणारा माणूस तपासणीच्या दिवशी भेटत नाही.

पाण्याबद्दल मात्र तुझा एक गैरसमज आहे. डिझेल पाण्यात बिनधास्त, असं तू लिहिलंयस. इग्निशनपुरतं ते खरं. पण २.८ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन घे, एका सिलिंडरला ७०० घन सेंटिमीटर आले. कॉम्प्रेशन १७ ला १ असेल तर पिस्टन वर पोहोचतो तेव्हा उरलेली जागा ४४ घन सेंटिमीटर. म्हणजे चहाचा लहान कपही भरणार नाही इतकं पाणी पुरतं, आणि पाणी दाबलं जात नाही. पिस्टन थांबतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. १० ला १ च्या पेट्रोल इंजिनात तीच जागा ७८ असते, म्हणजे तिथे थोडी तरी दया आहे. स्नॉर्कल, म्हणजे इंजिनाची हवा उंचावरून घेणारा पाइप, डिझेललाच जास्त लागतो.

तर या रविवारी टेप आणि वही घेऊन गाडीखाली जा. फायरवॉलपासून रेडिएटरपर्यंतचं अंतर, चेसिसच्या दोन रेल्समधलं अंतर, बॉनेटची उंची, अॅक्सल पूर्ण वर आल्यावर त्याच्यावर उरणारी जागा, आणि स्टिअरिंगचा शाफ्ट कुठल्या बाजूने खाली उतरतो ते. ट्रान्सफर केसवरच्या पट्टीचा फोटो काढ, लो रेंजचे गिअर कोणते बसतात ते मी पाहतो. इंजिनवाल्याला इसार देऊ नकोस अजून.

आणि हो, तुझ्या तिसऱ्या फोटोत ताडपत्री मधोमध झोळीसारखी लोंबतेय, तिच्यात पाणी साचलंय, आणि खाली टर्बोचं तोंड उघडं आहे. तू ते घे नाहीतर नको घेऊस, मालकाला सांगून आजच त्यावर प्लास्टिक बांधून ये. जाशीलच तर मोठा पाना घेऊन जा. हीटर प्लग (डिझेलचे सिलिंडर तापवणारे) काढ आणि क्रँकच्या पुलीवर पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवून बघ. स्टार्टर कुणालाही मारू देऊ नकोस. प्लगच्या भोकातून काय बाहेर आलं ते मला कळव.